पाखराला जवळ आणणारं भिंग

गेल्या उन्हाळ्यात एका खेड्यातल्या गुरुजींनी मला एक प्रश्न विचारला. त्यांच्या गावच्या पाझर तलावावर हिवाळ्यात पुष्कळ पक्षी उतरतात. मुलांना दाखवावेत म्हणून गुरुजींनी पदरमोड करून एक कॅमेरा घेतला. परंतु त्याच्याबरोबर मिळालेल्या भिंगातून फोटो काढला की तलाव छान येतो, आभाळ छान येतं, पलीकडचा बांधसुद्धा ओळखू येतो. बदक मात्र कुठं आहे ते बोट ठेवून दाखवावं लागतं. "सर, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घ्यायची म्हणतोय," ते म्हणाले. "दुकानदार एक सांगतो, पुतण्या दुसरंच सांगतो. कोणती घेऊ?"

मी इतिहासाचा मास्तर. पाखरांचे फोटो काढायचा मला थोडाफार नाद आहे, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. कारण 'कोणतं भिंग घेऊ' हा प्रश्न दिसतो तेवढा नवा नाही. पाखरू आणि माणूस यांच्यामधलं अंतर कसं तोडायचं, आणि ते तोडण्याची किंमत कोणी द्यायची, असा तो मूळचा प्रश्न आहे. त्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की दुकानात काय मागायचं तेही बरंचसं कळतं.

प्रथम अडचण काय आहे ती समजून घेऊ. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित सातवी-आठवीच्या वर्गात अवश्य करून घ्यावं. कॅमेऱ्यातल्या पडद्यावर पाखराची जी प्रतिमा पडते तिची लांबी काढायची असेल, तर पाखराच्या लांबीला भिंगाच्या नाभीय अंतरानं गुणावं आणि पाखरू जितकं दूर असेल त्या अंतरानं भागावं. समजा, ओढ्याकाठी बाभळीवर खंड्या बसला आहे. तो अदमासे २८ सेंटिमीटर लांब. तुम्ही त्याच्यापासून २८ मीटरवर उभे आहात. साध्या भिंगाचं नाभीय अंतर ५० मिलिमीटर असतं. करा हिशेब: प्रतिमा पडेल अर्धा मिलिमीटर! मोहरीच्या दाण्याहूनही लहान. ज्या पडद्यावर ती पडते तो मोठ्या जातीच्या कॅमेऱ्यात ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ उंच. म्हणजे परातीत एक तीळ. आता ५०० मिलिमीटरचं भिंग लावा. तोच खंड्या तिथूनच ५ मिलिमीटरचा होतो. दुसरा उपाय असा की भिंग तेच ठेवायचं आणि आपण चालत पुढं जायचं. २८ मीटरचे २ मीटर ८० सेंटिमीटर करायचे. गणिताला दोन्ही सारखंच. खंड्याला मात्र सारखं नाही. तो उडून जातो.

या गणितावर माणसानं पहिला उपाय काढला तो बंदुकीचा. पाखरू जवळून पाहायचं तर ते पाडायचं, इतका सरळ. एकोणिसाव्या शतकात पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः कातडी काढून पेंढा भरलेले पक्षी आणि डब्यात मांडलेली अंडी. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून ठाऊक आहे. हेच ह्यूमसाहेब हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार होते. ज्या १८८५ साली मुंबईत राष्ट्रसभेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच साली त्यांनी सिमल्याच्या आपल्या बंगल्यातला पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्यात कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८२ हजार नमुने होते. मी हे त्यांना दूषण देण्यासाठी सांगत नाही. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता, आणि आज आपण ज्या पुस्तकांतून पक्षी ओळखतो त्यांचा पाया त्या कातड्यांवर उभा आहे. आपले सलीम अलीसुद्धा पक्ष्यांकडे वळले ते लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे.

बंदूक आणि कॅमेरा यांचं नातं तर नावापुरतंही सुटलं नव्हतं. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे नावाचे एक शास्त्रज्ञ होते. पक्षी उडतो कसा याचा त्यांना ध्यास. १८८२ साली त्यांनी चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला. खांद्याला दस्ता, हाताशी चाप, आणि नळीच्या जागी भिंग. चाप ओढला की एका सेकंदात १२ छायाचित्रं. बंदूक रोखायची, चाप ओढायचा आणि पाखरू आपल्या वाटेनं उडत जायचं. इंग्रजीत फोटो काढण्याला आणि गोळी झाडण्याला अजूनही एकच क्रियापद चालतं, ते ऐकलं की मला ही बंदूक आठवते.

आता इंग्लंडकडे वळू, कारण पक्षिछायाचित्रणाचा खरा संसार तिथं मांडला गेला. यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात थ्वेट नावाचं लहानसं खेडं आहे. मेंढ्या, दगडी कुंपणं आणि वारा. तिथल्या शेतकऱ्याघरचे दोन भाऊ, रिचर्ड आणि चेरी कीर्टन. रिचर्ड लहानपणी कमरेच्या दुखापतीमुळे एका पायानं अधू झाला, तरी रानात हिंडण्यात कोणाला हार जात नसे. पुढं दोघेही लंडनला एका प्रकाशनसंस्थेत नोकरीला लागले. १८९२ सालच्या एप्रिलमध्ये चेरीनं कस्तुर कुळातल्या एका पक्ष्याचं घरटं, आत अंडी असलेलं, कॅमेऱ्यात टिपलं. रिचर्डला ते पाहून कल्पना सुचली की, केवळ छायाचित्रांनी सजलेलं घरट्यांचं पुस्तक का काढू नये? ते पुस्तक १८९५ साली निघालं. निसर्गावरचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्यक्ष काढलेल्या छायाचित्रांचं ते पहिलं पुस्तक मानतात.

श्रोतेहो, या भावांनी जे कष्ट केले ते ऐकून आजचा हौशी माणूस लाजेल. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, आत काचेच्या जड पट्ट्या, खाली तिपाई. हे सगळं घेऊन झाडावर चढायचं, दोरानं कड्यावरून लोंबकळायचं. सर्वांत मोठी अडचण अशी की भिंग आखूड, त्यामुळं पाखराच्या अगदी पुढ्यात जायला हवं, आणि माणूस पुढ्यात आला की पाखरू राहत नाही. मग त्यांनी पुढ्यात जाऊनही न दिसण्याच्या युक्त्या काढल्या. नकली झाडाचं खोड केलं. मेंढीचं सोंग केलं. आणि १९०० सालच्या सुमारास त्यांनी एक बैल केला! खऱ्या बैलाचं कातडं, आत लाकडी सांगाडा, पोटात माणूस आणि कॅमेरा, आणि भिंगासाठी एक भोक. बैल कुरणात उभा करायचा आणि आत वाकून तासन्‌तास बसायचं. ज्या माळावर गुरं रोज चरतात तिथं आणखी एका बैलाला कोण भितो? आपल्याकडे बगळे आणि मैना म्हशीच्या पाठीवर खुशाल बसतात ते आपण रोज पाहतो, तसाच हा विचार. एकदा मात्र तोल जाऊन तो बैल आतल्या माणसासकट उलथला आणि चारी पाय आभाळाकडे! पोळ्याच्या दिवशी मुलांना सांगावी अशी ही गोष्ट आहे.

पण हसून झाल्यावर जरा थांबू. हे सगळे लोक जात कुठं होते? घरट्यापाशी. कारण मोकळ्या रानात पाखरू कुठं येऊन बसेल याचा नेम नाही. घरट्याकडे मात्र ते येणारच. अंडी आहेत, पिल्लं आहेत, येऊन जाणार कुठं? आखूड भिंगाच्या माणसाला पाखराच्या वात्सल्याचा फायदा घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेव्हा पुढच्या साठ-सत्तर वर्षांचं पक्षिछायाचित्रण हे बहुतांशी घरट्यावरचं छायाचित्रण राहिलं.

त्यातून मोठी कामं झाली, हेही सांगायला हवं. एमा टर्नर नावाच्या बाईंनी नॉर्फोकच्या दलदलीत होडीवर मुक्काम करून वर्षानुवर्षं पक्षी टिपले. बगळ्याच्या कुळातला बिटर्न हा पक्षी इंग्लंडात वीण करण्याचा थांबला आहे, असं सगळे धरून चालले होते. १९११ साली बाईंना त्याचं पिल्लू सापडलं आणि त्याचं छायाचित्र त्यांनी जगापुढं ठेवलं. एका छायाचित्रानं एका देशात परतलेल्या पाखराची नोंद झाली. एरिक हॉस्किंग हे दुसरं मोठं नाव. १९३७ साली वेल्समध्ये रात्री एका घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणीत चढत असताना घुबडानं झडप घातली आणि हॉस्किंग यांचा एक डोळा कायमचा गेला. उरलेल्या डोळ्यानं त्यांनी पुढं पन्नास वर्षं पक्षी टिपले. अंतर तोडण्याची किंमत इथं माणसानं दिली. पण हा अपवाद होता.

आपल्या देशातही हीच रीत आली. बेट्स, लोथर हे इंग्रज अधिकारी हिंदुस्थानातल्या घरट्यांपुढं लपणी बांधून बसत. त्यांची पुस्तकं १९३१ आणि १९४९ साली निघाली. सिंगापूरचे एक धनिक, लोक वान थो, १९४२ साली सिंगापूर जपान्यांच्या हाती पडण्याच्या सुमारास तिथून निसटून भारतात आले आणि सलीम अलींच्या सहवासात पक्ष्यांचे वेडे झाले. सिनेमाच्या धंद्यातला हा माणूस गरुडा-घारींच्या घरट्यांच्या उंचीला मनोरे बांधवून घ्यायचा आणि वर लपणीत बसायचा. १९५७ साली त्यांचं पुस्तक आलं. १९६४ साली विमान-अपघातात ते गेले. त्यांची छायाचित्रं आजही पाहावीत अशी आहेत.

या लोकांनी आपल्याकडून काळजी घेतली. लपण एका दिवसात न उभारता रोज थोडी पुढं सरकवायची, असा त्यांचा दंडक. तरीही घरट्यापुढच्या डहाळ्या बाजूला बांधाव्या लागत, उजेड आत यावा म्हणून. त्या डहाळ्या पाखरानं निवडलेल्या असतात, सावलीसाठी आणि कावळ्याच्या नजरेपासून आडोसा म्हणून. माणूस फोटो काढून घरी जातो. कावळा तिथंच राहतो. म्हणजे बंदुकीच्या काळात अंतराची किंमत पाखरानं जिवानं दिली आणि आखूड भिंगाच्या काळात पुष्कळदा पिल्लांनी दिली.

मग लांबचं भिंग तेव्हा नव्हतंच का? होतं, आणि गंमत इथंच आहे. त्याचं मूळ तत्त्व १६११ साली केप्लरनं लिहून ठेवलं होतं: बहिर्वक्र भिंगाच्या मागं अंतर्वक्र भिंग ठेवलं, तर प्रतिमा मोठी होते. त्याचा उपयोग असा. नुसत्या बहिर्वक्र काचेनं ६०० मिलिमीटरचं भिंग करायचं तर पडद्यापासून काच दोन फूट लांब ठेवावी लागेल. मागं अंतर्वक्र काच बसवली की तेच काम आखूड नळीत होतं. टेलिफोटो म्हणतात ते हेच: नाभीय अंतर मोठं आणि नळी लहान. १८९१ साली लंडनमध्ये थॉमस डालमेयर आणि जर्मनीत मीथे व श्टाइनहाइल अशा तिघांनी एकमेकांना न विचारता ही भिंगं पुढं आणली. पहिलं कोणी केलं यावरून वादही झाला. म्हणजे कीर्टन बंधूंनी पहिलं घरटं टिपलं त्याच्या आदल्या वर्षी टेलिफोटो जन्मला होता!

तरी त्यांना बैलाच्या पोटात का बसावं लागलं? उजेडामुळे. प्रतिमा लांबीरुंदीत दुप्पट केली की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. एक चमचा तूप एका भाकरीला लावा किंवा चार भाकऱ्यांना, तसंच. त्या काळच्या काचपट्ट्या मुळातच मंद. लांब भिंग लावलं की एवढा वेळ झडप उघडी ठेवावी लागे की पाखरानं मान हलवली तरी चित्र फिसकटे. डालमेयरच्या भिंगातून डोंगर छान येत. डोंगर मान हलवत नाही. पाखरांसाठी हे भिंग कामाला यायचं तर आधी फिल्म चलाख व्हायला हवी होती, कॅमेरा हातात मावायला हवा होता आणि काचेतून उजेड अधिक यायला हवा होता. या तिन्ही गोष्टी विसाव्या शतकानं हळूहळू केल्या.

झूम भिंगाची वाट तर आणखी वाकडी. ज्याचं नाभीय अंतर जागच्या जागी कमीजास्त करता येतं ते झूम. आतले काचांचे गट मागंपुढं सरकतात आणि चित्र जवळ येतं किंवा लांब जातं. अमेरिकेत क्लाइल अ‍ॅलन यांनी १९०२ सालीच अशा भिंगाचं पेटंट घेतलं. १९३२ साली इंग्लंडात सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी ४० ते १२० मिलिमीटरचं झूम निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेल्या फ्रँक बॅक यांनी 'झूमार' काढलं, ते सिनेमाला आणि नव्यानं आलेल्या टेलिव्हिजनला फार आवडलं. साध्या छायाचित्राच्या कॅमेऱ्यासाठी झूम यायला मात्र १९५९ साल उजाडलं. त्या वर्षी जर्मनीच्या फोग्टलेंडरनं बॅक यांचंच ३६ ते ८२ मिलिमीटरचं भिंग विक्रीला ठेवलं आणि जपानच्या निकॉननं ८५ ते २५० मिलिमीटरचं. पाखरांच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते दुसरं.

एवढा उशीर का? झूममध्ये काचा फार लागतात. आज पाखरांसाठी लोक घेतात त्या २०० ते ६०० मिलिमीटरच्या एका झूममध्ये २४ काचा १७ गटांत बसवलेल्या आहेत. म्हणजे हवेला लागणारे ३४ पृष्ठभाग. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग शेकडा ४ उजेड परत फेकतो. ३४ वेळा असं झालं तर शेवटी किती उरेल? शिक्षकांनो, हेही गणित मुलांना द्या. जेमतेम चौथा हिस्सा. आणि परत फेकलेला उजेड आतल्या आत नाचून चित्र धुरकट करतो तो वेगळाच. यावर तोडगा १९३५ साली झाइस कारखान्यातल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काढला. काचेवर अतिशय पातळ लेप दिला की हे परावर्तन फार कमी होतं. भिंगाकडे तिरपं पाहिलं की जांभळी-हिरवी झाक दिसते ना, तो हा लेप. त्याच्यावाचून आजचं झूम म्हणजे गढूळ पाण्यातून पाहणं झालं असतं.

तरीही जुने जाणते पक्षिछायाचित्रकार पुष्कळ वर्षं झूमकडे नाक मुरडून पाहत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सुरुवातीची झूम भिंगं लांबच्या टोकाला मऊ पडत. पिसं मोजता येत नसत. म्हणून ते ४०० किंवा ६०० मिलिमीटरचं एकाच अंतराचं भिंग आणि भक्कम तिपाई घेऊन फिरत. बदल झाला तो पुढं. भिंगांचे हिशेब संगणक करू लागले. रंगांच्या कडा न फुटू देणाऱ्या खास काचा आल्या. १९८५नंतर आपोआप नेम धरणारे कॅमेरे सर्रास झाले. आणि १९९५ साली कॅननच्या ७५ ते ३०० मिलिमीटरच्या झूममध्ये हाताची थरथर सावरणारी योजना आली. आत एक काच हाताच्या उलट दिशेनं हलते आणि चित्र स्थिर राहतं. १९९८ साली १०० ते ४०० आलं. २०१३ सालाअखेर टॅमरॉननं १५० ते ६०० जाहीर केलं, पाठोपाठ सिग्मा, २०१५ साली निकॉनचं २०० ते ५००, २०१९ साली सोनीचं २०० ते ६००. पूर्वी ६०० मिलिमीटर म्हणजे श्रीमंताची वस्तू होती. ती इथून पुढं कर्ज काढून का होईना, नोकरदाराच्या आटोक्यात आली.

आता गुरुजींचा प्रश्न. मी त्यांना म्हणालो, दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. लांबच्या टोकाचा आकडा किती, ते विचारा. पाखरांसाठी झूम घेणारा माणूस बहुतेक वेळ त्याच टोकाला राहतो. आखूड टोक उपयोगी पडतं ते पाखरू अचानक जवळ आलं किंवा थवा उठला तर, आणि दुसरं म्हणजे आधी आखूड टोकावर झाडात पाखरू शोधायचं आणि मग जवळ ओढायचं, यासाठी. एकाच अंतराच्या लांब भिंगातून नवख्याला फांदी सापडते, पाखरू सापडत नाही. ४०० च्या खाली पाखरांसाठी घेऊ नये, असं माझं मत. ३०० वाली भिंगं स्वस्त आणि हलकी असतात हे खरं. पण तीच माणसाला चार पावलं पुढं जायला लावतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. भिंगावर ६.३ असा आकडा असतो. नाभीय अंतराला त्यानं भागलं की उजेड आत येण्याचं दार किती रुंद ते कळतं. ६०० ला ६.३ नं भागा: सुमारे ९५ मिलिमीटर. तेच ४ चं भिंग घेतलं तर १५० मिलिमीटर, म्हणजे तळहाताहून रुंद काच. पहाटे झाडीत ते राजासारखं चालतं. पण १९९९ साली आलेलं अशा जातीचं एक भिंग सव्वापाच किलोंहून जड होतं, आणि २०१८ सालचं नवंही तीन किलोंचं. किमतीत शिक्षकाची कित्येक महिन्यांची कमाई जाते. ६.३ वाली झूम भिंगं दोन किलोंच्या आसपास असतात. तलावाकाठी, माळावर, उसाच्या बांधावर आपल्याकडे ऊन ढिगानं आहे. तिथं ६.३ पुरतं. दाट कोकणी रानातला माणूस वेगळं म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल.

वजनाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. दुकानात दोन मिनिटं उचललेली वस्तू रानात दोन तासांनी दुप्पट होते. जे भिंग जड म्हणून घरी राहतं ते ६०० चं असलं तरी शून्याचं. पायी फार हिंडणाऱ्यानं १०० ते ४०० घ्यावं; एका जागी बसण्याची सवय असलेल्यानं ६०० वालं घ्यावं. वापरलेलं भिंग घ्यायला हरकत नाही. फक्त काचेत बुरशीचे धागे आहेत का, ते उजेडाकडे धरून पाहावं. आपल्या पावसाळ्यात बुरशी हा भिंगाचा क्षयरोग आहे. आणि भिंग कितीही लांबचं असो, दुपारी बाराला तापलेल्या काळ्या रानावरून फोटो काढू नका. जमिनीवरची हवा थरथरते, ते थरथरणं कुठलीही काच सावरत नाही. सकाळी दहाच्या आत काय ते उरका. झडपेचा वेग ६०० च्या भिंगाला सेकंदाच्या सहाशेव्या भागाहून कमी नसावा. थरथर सावरणारी योजना असली तरी पाखराचं हलणं ती सावरत नाही.

गुरुजींनी विचारलं, "एवढं लांबचं कशाला? तीनशेचं घेतो आणि थोडा जवळ जातो की!"

मग मी त्यांना माझी एक गोष्ट सांगितली. आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे तीनशेचंच भिंग होतं. एप्रिलचा महिना, तलावाकाठचा मुरमाड माळ. टिटवीनं खड्यांमध्ये चार अंडी घातलेली. मी पंधरा पावलांवर पालथा पडलो. टिटवी ओरडत डोक्यावरून फिरायची, पाण्यावर जायची, पोट भिजवून यायची, जवळ उतरायची आणि पुन्हा उडायची. मला वाटलं, काय सुंदर प्रसंग सापडला! पाऊण तास मी चाप ओढत होतो. शेवटी मेंढरं घेऊन चाललेला एक धनगर थांबला आणि म्हणाला, "सर, उठा आता. अंडी भाजायला लागली तिची." टिटवी पोटाची पिसं ओली करून आणते ती अंड्यांवर पाणी शिंपडायला, त्यांना गार ठेवायला. ते ओलं पोट घेऊन ती माझ्यामुळे परत परत फिरत होती. मी पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यानं रोज पाहिलं होतं. त्या अंड्यांचं पुढं काय झालं ते पाहायला जायचा मला धीर झाला नाही. समुद्राशी भांडणारी टिटवी आपण लहानपणापासून गोष्टीत ऐकतो. तीनशेच्या भिंगापुढं ती हरली.

आपल्या १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या पाहा. वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं, त्यांना त्रास देणं हेही तीत येतं. बंदुकीची गरज नाही. आज पुष्कळ छायाचित्रस्पर्धा घरट्यावरची चित्रं घेत नाहीत. तरी स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यापुढची पानं कातरणारे आणि पावसाळ्याच्या तोंडाला आलेल्या नवरंगाला मोबाइलवर त्याचीच शीळ ऐकवून जवळ बोलावणारे लोक आहेतच. त्यांतल्या कित्येकांच्या गळ्यात लाखालाखाची ६०० वाली भिंगं असतात. कीर्टन बंधूंकडे ते भिंग नव्हतं. यांच्याकडे आहे आणि तरी पाय पुढं पडतात, हे मला समजत नाही.

भिंग पुरेसं लांब आहे की नाही याची माझी कसोटी साधी आहे. पाखरू जे करत होतं तेच करत राहिलं तर अंतर बरोबर. चरणारं चरत राहिलं, पिसं साफ करणारं साफ करत राहिलं, तर तिथंच बसा. मान ताठ करून तुमच्याकडे पाहू लागलं, तर दोन पावलं मागं या. तिथून चित्र लहान येत असेल, तर लहान येऊ द्या; नाहीतर आणखी लांबच्या भिंगासाठी पैसे साठवा. आणि शाळेसाठी पैसे थोडेच असतील तर आधी भिंग घेऊच नका, आठ पटींची एक चांगली दुर्बीण घ्या. चाळीस मुलं आळीपाळीनं पाहतील. फोटो एकाचा होतो.

गुरुजींनी दोन्ही केलं. शाळेसाठी दुर्बीण घेतली आणि दिवाळीनंतर एका हौशी माणसाकडून वापरलेलं १५० ते ६०० घेतलं. जानेवारीत त्यांनी मला पहिला फोटो पाठवला. पाझर तलावाच्या काठी ओल्या चिखलात एक टिटवी. गुरुजी बांधावर बाभळीच्या सावलीत बसले होते, चाळीस पावलं तरी लांब. टिटवी चौकटीच्या रुंदीचा पाचवा हिस्साही भरत नाही. एका पायावर उभी आहे, आणि तिचा डोळा अर्धवट मिटलेला आहे.